आधी अर्ज, मग प्रदर्शन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातली एक तरुणी तीन वर्षांपासून स्वतः काढलेल्या नक्ष्या सुती कापडावर स्क्रीन प्रिंटिंगनं छापून कुशन कव्हर आणि झोळ्या विकते. सह्याद्रीतली फुलं आणि पाखरं हा तिचा विषय. कारवीच्या फुलांची नक्षी सर्वांत जास्त खपते; दिवाळीपासून तिची शंभरावर कव्हरं गेली. दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन बाजारात तीच नक्षी निम्म्या किमतीत दिसली, तीही हिनेच इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोंसह. जाब विचारला तर विक्रेता म्हणाला, "आम्ही तीस टक्के बदल केलाय." कुणी सांगतं कॉपीराइट आपोआप मिळतो, कोर्टात खेच. कुणी सांगतं पेटंट घे. कुणी सांगतं चित्र पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठव. तीन आठवड्यांनी पुण्यातल्या प्रदर्शनात बारा नव्या नक्ष्या मांडायच्या आहेत. त्यांतल्या चार एका मैत्रिणीकडून पैसे देऊन काढून घेतल्या आहेत. शिवाय एक घाऊक व्यापारी कारवीच्या नक्षीचे "सगळे हक्क" पंधरा हजारांत मागतो आहे. तिचा प्रश्न असा: कारवीची नक्षी आता तरी रजिस्टर करून त्या विक्रेत्याला धडा शिकवू का, की नवीन कामाचे फोटो टाकणंच बंद करू?

ताई,

तुमच्या पत्राचा सगळा भर कारवीच्या नक्षीवर आहे. माझा जीव मात्र त्या तीन आठवड्यांत अडकला. कारवीचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय. त्यातलं काय परत मिळू शकतं ते पुढे सांगते. पण ज्या बारा नक्ष्या अजून बाहेर कुणी पाहिलेल्या नाहीत त्यांचं रक्षण आज पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि प्रदर्शनाचा पडदा उघडला की ते हातातून सुटेल. त्यामुळे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम त्यांचं करा, भांडण नंतर.

"कॉपीराइट आपोआप मिळतो" हे तुम्हाला कुणी सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. तुम्ही कागदावर कारवीचं मूळ चित्र रंगवलंत त्याच क्षणी, कुठलीही नोंदणी न करता, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं त्या चित्राचा हक्क तुम्हाला मिळाला. तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. अडचण येते ती चित्र वस्तूवर उतरलं की. त्याच कायद्याचं कलम १५ म्हणतं की जे डिझाइन २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्या कुणी औद्योगिक पद्धतीनं ५०पेक्षा जास्त वेळा बनवली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. संपतो म्हणजे संपतोच, मागे वळून दुरुस्ती नाही. एक्कावन्नावं कव्हर छापून झालं त्या दिवशी तुमच्या नक्षीचं, कुशन कव्हर म्हणून, कॉपीराइटचं कवच गळून पडलं.

इथे हस्तकलेचं काम करणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात: आपण हातानं छापतो, कारखाना नाही, तर "औद्योगिक" हा शब्द आपल्याला लागू नाही. डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हाताची, यंत्राची आणि रासायनिक अशा तिन्ही प्रक्रिया येतात. स्क्रीन, लाकडी ठसा, हातमाग, काही सुटत नाही. किती नग झाले, प्रश्न एवढाच.

हा आकडा कोर्टात किती निर्णायक ठरतो ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन निकालांत दिसतं. २००८ साली राजेश मसरानी विरुद्ध तहिलियानी डिझाइन या खटल्यात कपड्यांचे नग मोजकेच होते, पन्नाशीच्या आत. डिझायनरच्या चित्रांवरचा कॉपीराइट टिकला. २०१६ साली रितिका विरुद्ध बिबा अपॅरल्स या खटल्यात नग पन्नाशीच्या पुढे गेलेले होते आणि डिझाइन नोंदणी नव्हती. दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२५मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात हीच वाट दाखवली: ही निव्वळ कलाकृती आहे की तिच्यावरून औद्योगिक प्रक्रियेनं वस्तूला लावलेलं डिझाइन, हे आधी तपासा.

मग कारवीची नक्षी आता नोंदवावी का? नको. डिझाइन नोंदणीची पहिली अट नावीन्याची आहे, आणि कलम ४प्रमाणे अर्जाच्या तारखेआधी भारतात किंवा जगात कुठेही, छापून, वापरून किंवा अन्य मार्गानं लोकांसमोर आलेलं डिझाइन नवं राहत नाही. तुमची स्वतःची इन्स्टाग्राम पोस्ट, तुमची स्वतःची विक्रीची बिलं हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. अर्ज तपासणीतून निसटून प्रमाणपत्र हातात पडलं तरी कलम १९खाली हितसंबंध असलेला कुणीही ते रद्द करायला मागू शकतो, आणि तुम्ही दावा लावलात तर समोरचा हाच बचाव पुढे करेल. वकिलाचे पैसे जातील आणि निकालपत्रात नक्कल करणाऱ्याचं नाव स्वच्छ होऊन निघेल. कॉपीराइट कार्यालयात जाऊन त्या नक्षीची नोंदणी करायचाही मोह होईल. तिथे अशा कलाकृतीसाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की हिची डिझाइन नोंदणी झालेली नाही आणि ती औद्योगिक पद्धतीनं ५०पेक्षा जास्त वेळा वापरलेली नाही. शंभरावर कव्हरं विकल्यावर त्या कागदावर सही करू नका.

आता बाकीच्या जुन्या नक्ष्यांकडे वळा. बिलबुक, ऑनलाइन ऑर्डरी, छपाईवाल्याच्या पावत्या काढा आणि प्रत्येक नक्षीचे एकूण नग लिहून काढा. कव्हर आणि झोळ्या वेगवेगळ्या मोजू नका; धोका नको म्हणून बेरीज एकत्र धरा. नमुने आणि भेट दिलेलेही धरा. ज्यांचा आकडा पन्नासच्या आत आहे त्यांचा कॉपीराइट अजून शाबूत आहे. त्या नक्ष्यांची मोजकी, क्रमांक घातलेली आवृत्ती करून पन्नासावर थांबायचं आणि किंमत त्या हिशेबानं ठेवायची, हा चांगला मार्ग आहे. नक्कल करणाऱ्यानं छापलेले नग तुमच्या पन्नासात धरत नाहीत; कायदा फक्त मालकानं किंवा त्याच्या परवान्यानं केलेले नग मोजतो.

"तीस टक्के बदल" हा नियम कोणत्याही कायद्यात नाही. कॉपीराइटमध्ये कामाचा महत्त्वाचा भाग उचलला आहे का हे पाहतात, डिझाइनमध्ये नजरेला दिसणारी उघड किंवा फसवी नक्कल आहे का हे पाहतात. टक्केवारीची पट्टी कुठेच नाही. पण याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी: कारवीचं फूल तुमचं नाही. जांभळ्या फुलांनी भरलेला डोंगर काढावासा कुणालाही वाटेल, आणि ती कल्पना राखीव ठेवता येत नाही. तुमचं आहे ते तुमचं रेखाटन: पाकळीची वळणं, फुलांची दाटी, रिपीटची, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याची, मांडणी. वारली चित्रशैली किंवा पैठणीच्या मोरावरून काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तारपा नाचाचं वर्तुळ किंवा पदरावरचा मोर कुणा एकाच्या नावावर होत नाही, आणि वारली चित्रकला, पैठणी यांना भौगोलिक निर्देशनाची (जीआय) नोंदणीही आहे. ती समूहाची, त्या प्रदेशाची आहे. अर्ज करायचा तर आपण त्यात घातलेल्या नव्या रचनेचाच.

इतकं सगळं तुमच्या विरोधात गेल्यावर वाटेल, हातात काहीच उरलं नाही. उरलंय, आणि ते तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय: त्यानं तुमचे फोटो वापरलेत. फोटो ही स्वतंत्र कलाकृती आहे. तिला पन्नासची अट लागत नाही, कारण फोटो म्हणजे वस्तूवरचं डिझाइन नव्हे. जसाच्या तसा उचललेला फोटो सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही. तुमची सगळ्यांत बळकट तक्रार हीच आहे आणि भांडण इथूनच सुरू करा.

आधी एक खात्री करून घ्या: फोटो काढले कुणी? तुम्ही स्वतः काढले असतील तर प्रश्नच नाही. छायाचित्रकाराला पैसे देऊन काढून घेतले असतील तर, उलट करार नसल्यास, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नं मालकी तुमची. भावाच्या मित्रानं प्रेमाखातर फुकट काढून दिले असतील तर मालक तो आहे. त्याच्याकडून सहीचं हस्तांतरणपत्र घ्या. तक्रार केल्यावर समोरून पहिला प्रश्न हाच येतो.

मग पुरावा, आणि तो तक्रारीच्या आधी. तक्रार गेली की पानं गायब होतात. विक्रेत्याच्या पानाचे स्क्रीनशॉट पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे घ्या. एक कव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं विकत घ्या. पार्सल उघडतानाचं सलग चित्रण करा, पाकीट, लेबल आणि बिल जपून ठेवा. ऑनलाइन बाजारातल्या बिलावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि सहसा जीएसटी क्रमांक असतो, नोटीस पाठवायला तोच लागतो. तुमच्या बाजूनं मूळ फोटोंच्या कॅमेऱ्यातल्या फाइली, मूळ चित्राच्या थर असलेल्या फाइली, कच्ची रेखाटनं. हा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, नोंदवायचं असतं, म्हणून फाइली एकदा बाजूला काढल्या की त्यांना हात लावू नका. नाव बदललं तर चालेल, आतलं काही बदललं तर हॅश बदलतो.

तक्रार त्या ऑनलाइन बाजाराच्या बौद्धिक संपदा अर्जातून करा आणि सोबत लेखी पत्रही पाठवा. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आणि २०१३च्या नियमांतला नियम ७५ यांप्रमाणे पत्रात काम कोणतं, तुमची मालकी कशी, नक्कल नेमकी कुठल्या दुव्यावर आहे, हे लिहावं लागतं, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमी द्यावी लागते. असं पत्र मिळाल्यावर मजकूर ३६ तासांत काढायचा असतो. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो मजकूर परत लावता येतो. बहुतेक मोठ्या बाजारांचे स्वतःचे अर्ज या हमीशिवायही फोटो काढून टाकतात, म्हणून आधी तो मार्ग वापरा. विक्रेता दोन दिवसांत स्वतःचे फोटो काढून परत येईल, हे गृहीत धरा. तरीही त्याच्या पानावर जमलेले अभिप्राय आणि क्रमवारी जाते, आणि अशा विक्रेत्यांचा धंदा त्यावरच चालतो.

वकिलाची नोटीस पाठवणार असाल तर तीही फोटोंपुरतीच ठेवा. कव्हरवरच्या नक्षीचा कॉपीराइट संपलेला असताना त्यावरून धमकी दिली तर कलम ६०खाली उलट तुमच्यावर दावा होऊ शकतो. पोलिसात जा असंही कुणी सुचवेल, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये ठरवलंय. चार फोटोंसाठी तुम्ही त्या वाटेला जावं असं मला वाटत नाही. तुमचा वेळ प्रदर्शनाच्या तयारीत जास्त मोलाचा आहे.

मूळ चित्राचाही उपयोग करा. कॅलेंडर, शुभेच्छापत्र, पोस्टकार्ड या वस्तू डिझाइन नोंदणीत बसतच नाहीत, त्यामुळे पन्नासची अटही त्यांना लागत नाही. कारवीचं चित्र कॅलेंडरवर हजार वेळा छापलंत तरी त्यावरचा हक्क पूर्ण मुदतीचा राहील.

पेटंट आणि पाकीट यांचं दोन वाक्यांत सांगते. पेटंट नव्या तांत्रिक शोधाला मिळतं, नक्षीला नाही. स्वतःला पाठवलेल्या पाकिटाला कायद्यात काही स्थान नाही. तारीख दाखवायला तुमच्या फाइली आणि बिलं त्याहून चांगली.

आता त्या बारा नक्ष्या. भारतात कायद्याला सवलतीची मुदत नाही. हे ठळकपणे सांगते कारण इंटरनेटवर वाचायला मिळणारा बराच सल्ला अमेरिकेचा किंवा युरोपचा असतो. तिथे डिझाइन लोकांसमोर आल्यावरही १२ महिने अर्ज करता येतो. तो वाचून इथले कलाकार आधी विकून बघतात, चाललं तर नोंदवू म्हणतात, आणि हक्क गमावतात. प्रदर्शनासाठी डिझाइन कायद्याच्या कलम २१ची एक सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच लागू होते, तीही आधी नमुना ९मध्ये सूचना दिली आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. हॉल भाड्यानं घेऊन भरवलेलं दिवाळी प्रदर्शन त्यात येत नाही.

म्हणून प्रदर्शनाच्या आधी अर्ज दाखल झाला पाहिजे. प्रमाणपत्र हातात यायची गरज नाही, कारण नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्ज क्रमांक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी खुशाल रील टाका, स्टॉल लावा. सोशल मीडिया बंद करायचा विचार डोक्यातून काढा. ताई, तुमचं गिऱ्हाईक तिथेच आहे. फक्त क्रम बदला.

बाराच्या बारा नोंदवायच्या का? शासकीय शुल्क एका अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी १,००० रुपये आहे, इतरांना ४,०००. एक अर्ज म्हणजे एक डिझाइन आणि एक वर्ग. वस्तू लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या वर्गांत विभागल्या आहेत: पिशव्या वर्ग ३मध्ये, कापड वर्ग ५मध्ये, घरगुती सजावटीचं कापड आणि कव्हरं वर्ग ६मध्ये, दागिने वर्ग ११मध्ये. एकच नक्षी कव्हरवर आणि झोळीवर राखायची तर दोन अर्ज, दोन हजार रुपये. मी असं करीन: ज्या तीन नक्ष्या मालिकेचा चेहरा आहेत त्या वर्ग ३ आणि ६ दोन्हींत, आणखी तीन फक्त वर्ग ६मध्ये. एकूण नऊ अर्ज, ९,००० रुपये, एजंटची फी वेगळी. उरलेल्या सहा पन्नास नगांच्या मर्यादित आवृत्तीत ठेवायच्या. त्यांना कॉपीराइट पुरतो. नग पन्नासपर्यंत गेले आणि नक्षी चालतेय म्हणून पुढे छापावीशी वाटली, तर ते कवच सोडून देतोय हे माहीत असू द्या, कारण तोवर ती लोकांसमोर आलेली असेल आणि नोंदणीचा रस्ता बंद झालेला असेल.

अर्ज नमुना १मध्ये, इंग्रजीत किंवा हिंदीत, ऑनलाइन किंवा कोलकाता, मुंबई, दिल्ली, चेन्नईच्या कार्यालयात देता येतो. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. तपासणी कोलकात्यात होते. ऑनलाइनसाठी डिजिटल स्वाक्षरी लागते आणि ती मिळवण्यात दिवस जातात, म्हणून ते काम उद्याच सुरू करा किंवा नोंदणीकृत एजंटमार्फत अर्ज भरा.

अर्जाचा प्राण म्हणजे चित्रांचे ए-फोर कागद, आणि आक्षेप बहुतेक तिथेच येतात. सोफ्यावर ठेवलेल्या, सावली पडलेल्या कव्हरचा इन्स्टाग्रामचा फोटो चालणार नाही. साध्या पार्श्वभूमीवर फक्त वस्तू हवी. ब्रँडचं लेबल, नाव, अक्षरं, मापं काढून टाका. फिरत्या नक्षीचं एक संपूर्ण रिपीट आणि ते लांबी-रुंदीत पुढे कसं जुळतं हे दिसायला हवं. कडेला अर्धं कापलेलं फूल म्हणजे अर्धवट डिझाइन. समोरच्या दृश्यात एक नक्षी आणि मागच्या दृश्यात थोडी वेगळी, असं झालं की आक्षेप ठरलेला. प्रत्येक कागदावर नावीन्याचं विधान लिहायचं: चित्रांत दाखवल्याप्रमाणे कुशन कव्हरच्या पृष्ठभागावरील नक्षी नवी आहे, एवढंच आणि असंच. "सह्याद्रीच्या सौंदर्यानं प्रेरित" वगैरे इथे नको. रंगावर दावा नाही असंही नमूद करा, म्हणजे जांभळ्याच्या जागी निळा वापरून कुणी सुटायला नको. आक्षेप आला तर घाबरू नका, पण अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळं पूर्ण व्हायला हवं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदतवाढ मिळते ती जास्तीत जास्त तीन महिने. नोंदणी १० वर्षांची असते आणि ती संपण्याआधी नमुना ३ भरून आणखी ५ वर्षं वाढते.

अर्जापर्यंत नमुने छपाईवाल्याकडे जाणारच. विश्वासानं, गुप्ततेच्या अटीवर दाखवलेलं डिझाइन कलम १६प्रमाणे प्रसिद्ध झालं असं धरत नाहीत, आणि कापडाच्या नव्या डिझाइनची पहिली गोपनीय ऑर्डर घेतली तरी नावीन्य जात नाही, अशी खास तरतूदही तिथे आहे. पण ही अट तोंडी ठेवू नका. एका पानाचं पत्र पुरे: कोणते नमुने दिले, कधी दिले, कुणाला दाखवायचे नाहीत, स्क्रीन कुणाच्या मालकीच्या आणि काम झाल्यावर परत कधी द्यायच्या. स्क्रीन छपाईवाल्याकडेच पडून राहिल्या की "उरलेल्या मीटरचा" लॉट बाजारात जातो. तुमच्या विक्रेत्याला कारवीची नक्षी कुठून मिळाली, हे एकदा त्याही अंगानं तपासून बघा.

मैत्रिणीच्या चार नक्ष्यांची बाब नाजूक आहे. पैसे दिले म्हणजे सगळं आपलं, असं तुम्ही धरलेलं दिसतं. डिझाइन कायद्यात मोबदला देऊन करून घेतलेल्या डिझाइनचा मालक करून घेणारा असतो, तिथे तुम्ही बरोबर आहात. कॉपीराइट कायद्यात मात्र नोकरीत नसलेल्या कलाकाराच्या रेखाटनाची मालकी सामान्यपणे कलाकाराकडेच राहते. मोबदला देऊन करून घेतलेला फोटो किंवा रंगचित्र अशा ठरावीक कामांना वेगळा नियम आहे, आणि संगणकावर काढलेली नक्षी त्यात बसते का यावर वाद घालत बसू नये. तिच्याशी बसून लेखी हस्तांतरण करा: कोणती चार कामं, कोणते हक्क, किती मोबदला, किती काळ, कुठल्या प्रदेशात. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तिचं नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क तिच्याकडेच राहील, तो राहू द्या. लेबलवर तिचं नाव छापलंत तर तुमचंही काही कमी होत नाही.

नोंदणी झाल्यावर वस्तूवर "नोंदणीकृत" अशी खूण आणि क्रमांक टाकायचा असतो. कापडावरच्या डिझाइनला त्यातून सूट आहे, पण शिवलेल्या लेबलवर टाकलेला बरा. नोंदणी होण्याआधी मात्र टाकू नका. पुढे कुणी नक्कल केलीच तर कलम २२खाली प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत, आणि एका डिझाइनला एकूण ५०,००० रुपयांपर्यंत मागता येतात. किंवा नुकसानभरपाई आणि मनाईहुकमासाठी दावा. पैशाची रक्कम लहान आहे, खरी ताकद मनाईहुकमात आहे. दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावर लागतो, आणि तो विक्रेता जिथे आहे किंवा जिथे नक्कल विकली गेली तिथे. कॉपीराइटचा दावा मात्र तुम्ही राहता तिथेही लावता येतो.

ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही याच महिन्यात उरकून घ्या. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. घरगुती कापडासाठी वर्ग २४, पिशव्यांसाठी १८. नक्षीचा हक्क पंधरा वर्षांत संपेल, नावाचा दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात तर संपत नाही.

राहिला घाऊक व्यापारी. त्याला "सगळे हक्क" देऊ नका, आणि लगेच नाहीही म्हणू नका. कारवीच्या कव्हरवर तुमच्याकडे विकण्यासारखा एकाधिकार फारसा उरलेला नाही. हे त्याला ठाऊक असेल असं नाही, पण तुम्हाला आहे, म्हणून नसलेल्या हक्काची हमी देणारा कागद सही करू नका. तुमच्याकडे मूळ चित्र आहे, मूळ फाइली आहेत, स्क्रीन आहेत आणि तुमचं नाव आहे. त्यांचा परवाना द्या: फक्त कुशन कव्हरसाठी, भारतापुरता, दोन वर्षांसाठी, ठरावीक नगांपर्यंत, लेबलवर तुमच्या ब्रँडचं नाव ठेवून, पंधरा हजार आगाऊ आणि त्यावर प्रत्येक नगामागे ठरलेली रक्कम, दर तिमाहीला विक्रीचा हिशेब. कॅलेंडर आणि छापील चित्रं परवान्यातून स्पष्ट शब्दांत वगळा. नव्या मालिकेतली नक्षी त्यानं मागितली तर अर्ज क्रमांक मिळेपर्यंत दाखवायचीसुद्धा नाही; आणि न नोंदवलेली नक्षी दिली, तर परवान्यानं त्यानं छापलेले नग तुमच्याच पन्नासात मोजले जातात. नोंदणीकृत डिझाइन पुढे कधी पूर्ण विकलंच, तर लेखी करार करून सहा महिन्यांत त्याची नोंद डिझाइन कार्यालयात करून घ्यायची अट त्याच करारात घाला, आणि शेवटचा हप्ता ती नोंद होईपर्यंत हातात ठेवू देऊ नका. पैसे सहीच्या दिवशीच पूर्ण घ्या.